टीव्हीला घातलेला हार

आगरच्या हरिश्चंद्रभाऊंकडे चिकूची वाडी आहे आणि जगाचं भलं करायची सवय आहे. दोन्हींना बाराही महिने बहर असतो. तलासरीतली एखादी आश्रमशाळा आफ्रिकेतल्या एखाद्या शाळेशी व्हिडिओवरून जोडायची आहे, मुलांनी एकमेकांचे रीतिरिवाज शिकायचे आहेत, तुम्ही मदत कराल का, असं मुंबईच्या एका संस्थेनं त्यांना विचारलं. आफ्रिकेत कुठे, हे न विचारताच भाऊंनी फलक रंगवायला टाकला: 'आफ्रिका–तलासरी सांस्कृतिक सेतू'. एका टोकाला अख्खा खंड आणि दुसऱ्या टोकाला एक तालुका, यात काही कमीजास्त आहे असं कुणाला वाटलं नाही. तलासरीला तर नाहीच.

पलीकडची शाळा घाना देशातली निघाली. ती फलकावर मावत नव्हती, म्हणून फलक तसाच राहिला.

शाळा टेकाडावर, गुजरातच्या हद्दीला लागून. मसोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा दीपेश जोडणीसाठी आला आणि गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर, शेवटी चिंचेवर चढून बघून आला. आपल्याकडचा टॉवर नुसता शोभेचा, पलीकडचा चालतो, असा त्यानं निर्णय दिला. तेव्हापासून फोनवर 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे' असा मेसेज आला की सगळ्यांनी समजायचं, आता घाना लागणार.

उद्घाटनाच्या दिवशी टीव्हीची पूजा करायची, हे भाऊंनी ठरवलं. यात त्यांची चूक काढता येत नाही. दसऱ्याला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, मोटरसायकलला घालतो, वाडीतल्या पंपाला घालतो. पंपानं कधी तक्रार केलेली नाही.

"भाऊ, कुंकू स्क्रीनला नको," दीपेश म्हणाला. "कडेला लावा. पाणी आत गेलं तर घाना जाईल."

"अरे, एक बोट लावतो ने. तेवढ्यानं काय होतंय?"

हार घालायला सातवीतली रूपी निवडली, कारण टीव्ही भिंतीवर उंच टांगला होता आणि वर्गात तिच्याएवढं उंच कुणी नव्हतं. एवढंच कारण. पुढं जे झालं त्याला याहून मोठं कारण कुणी शोधू नये.

रूपीनं झेंडूचा हार उचलला आणि नेमकी त्याच वेळी लाईन लागली. पडद्यावर पिवळ्या-तपकिरी गणवेशातली मुलं दिसली. त्यातली एक मुलगी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली, हसली, "गुड आफ्टर—" म्हणाली आणि तिथंच थिजली. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू. रूपीचे हात वरच होते. हार बरोबर त्या चेहऱ्याभोवती बसला. टाळ्या झाल्या. भाऊंनी माईक घेतला आणि वसुधेच्या कुटुंबाला हात घातला.

खिडकीबाहेर पाड्यावरची माणसं उभी होती. त्यात रूपीची आजी बुधी होती. ती ओरडली, "रूपे, काढ तो! जित्या पोरीच्या फोटूला हार घालतात का गं?"

माईकपुढे तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार? फक्त रूपीला गेला. तिनं हात पुन्हा वर नेला, तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "ए पोरी, हात काढ. सावली पडतेय." तिनं हात काढला. भाऊंच्या भाषणात वसुधा संपून डहाणूचा चिकू सुरू झाला, तरी ती मुलगी हारात तशीच हसत होती.

भाषण संपलं तशी लाईन आली. पडद्यावरची मुलगी हलली आणि म्हणाली, "—नून!"

सगळे हसले. रूपीही हसली. तिच्या हसण्यात सुटका किती होती, हे तेव्हा कुणी मोजलं नाही.

त्या मुलीचं नाव आकुआ. पलीकडे ओफोरी सर म्हणून शिक्षक होते, जाड, घामेजलेले, सतत रुमाल शोधणारे. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की त्यांच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं, आणि आकुआ म्हणजे बुधवारची मुलगी. इकडे वर्गात एकच गलका झाला. पाड्यावर मंगळ्या होता, शुक्र्या होता, सोम्या तर दोन होते. रूपी धावत घरी गेली आणि आजीला घेऊन आली.

"ही पण बुधवारची," रूपीनं टीव्हीला सांगितलं.

बुधीआजीनं पडद्याकडे नीट निरखून पाहिलं. "काळी हाय, पन आपल्यातली हाय," तिनं जाहीर केलं. स्वतः ती तव्याच्या बुडासारखी होती.

नूतनबाईंनी याचं इंग्रजी केलं: आजी म्हणते, तू आमच्या घरची आहेस.

नूतनबाई चिंचणीच्या, तलासरीत खोली घेऊन राहणाऱ्या, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या. सगळी ये-जा त्यांच्या तोंडातून व्हायची, आणि त्यांचं तोंड मुळात चांगल्या घरचं. ओफोरी सरांनी एकदा पूर्वजांसाठी जमिनीवर पाणी ओतून दाखवलं, नावं घेऊन बोलावून दाखवलं. त्यावर वर्गातला मनिष उठून म्हणाला, "सर, आमच्यात पन ओततात. पन पानी नाय, दारू." नूतनबाई म्हणाल्या, ए लोकल बेव्हरेज. ओफोरी सर पोट धरून हसले आणि म्हणाले, आमच्याकडेही तेच लोकल बेव्हरेज असतं, शाळेत पाणी. भाऊंनी अहवालात कोकम सरबत लिहिलं. जेवायला काय होतं, असं तिकडून विचारलं आणि इकडची मुलं "पान्यात डाळ" म्हणाली, की बाईंच्या इंग्रजीत ती डाळ हलकी आणि पौष्टिक होऊन घानाला पोचायची.

रूपी आणि आकुआची जोडी लागली. आकुआ तिला आम्पे नावाचा खेळ शिकवायची: दोघींनी टाळ्या वाजवत उडी मारायची आणि एकदम एक पाय पुढे टाकायचा. पाय समोरासमोर आले की एकीचा डाव, नाही आले की दुसरीचा. लाईन उशिरा पोचायची, त्यामुळे रूपी उडी मारून खाली यायची तेव्हा आकुआ अजून हवेत असायची. डाव कुणाचा, हे ठरवण्यात दोघी भांडायच्या आणि भांडता भांडता रूपीचं इंग्रजी सुधारत गेलं. नो, यू चीट. आय सॉ युवर लेग. पुस्तकात हे धडे नव्हते, म्हणून तिला ते पाठ झाले.

आकुआ लवकर दमायची. खाली बसून पोटऱ्या चोळायची. एकदा तिनं आजाराचं नाव सांगितलं आणि नूतनबाईंना ते शोधावं लागलं नाही, कारण शाळेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. सिकलसेल. मनिषलाही तोच होता. त्यानं दप्तरातून तपासणीचं आपलं कार्ड काढून पडद्यापुढे धरलं. पलीकडे आकुआनं दवाखान्याचं आपलं कार्ड धरलं. दोघं इतके खूश झाले, जणू एकाच संघात निवड झाली.

मग ती दोन-तीन तासांना दिसली नाही. ओफोरी सर म्हणाले, दुखणं वाढलंय, दवाखान्यात आहे. पुढच्या तासाला ते एकटेच पडद्यावर होते, मागे वर्ग रिकामा. त्या दिवशी त्यांना रुमाल लगेच सापडला.

नूतनबाईंनी तेवढं एकच भाषांतर जसंच्या तसं केलं. त्यात हलकं करण्यासारखं काही नव्हतं.

मुली रडल्या. मनिष रडला नाही. तो कार्ड दप्तरातून काढत राहिला आणि पुन्हा ठेवत राहिला. रूपी उठली आणि बाहेर गेली. त्यानंतर टीव्हीच्या खोलीत तिनं पाऊल टाकलं नाही. जेवायला यायची, इतर तासांना बसायची. त्या खोलीवरून जायची वेळ आली की मागून, धुण्याच्या दगडांकडून वळसा घालून जायची.

नूतनबाईंनी तिला त्या दगडांवरच गाठलं.

"रूपी, किती दिवस असं?"

"बाई, मी मारली तिला."

"काय बोलतेस?"

"हार मी घातला. आजी बोलली होती, काढ. मी नाय काढला."

"अगं वेडे, तिला जन्मापासून आजार होता. मनिषला आहे ना, तोच."

"मनिष कबड्डी खेळतो. मनिषला काय झालं? मनिषला कोनी हार घातला नाय."

बाईंनी रक्तातल्या पेशींचं चित्र काढून दाखवलं. गोल पेशी, कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी पेशी. रूपीनं चित्र नीट पाहिलं. विज्ञानात ती पहिली यायची.

"हे मला ठावं हाय," ती म्हणाली. "पन बाई, आपल्या शाळेत भिंतीवर हार घातलेले केवढे फोटू हायेत. त्यातला एक तरी जिता हाय?"

 

नूतनबाई बुधीआजीकडे गेल्या. आजी अंगणात भात पाखडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"मी बोलली ते खरंच बोलली. फोटूला हार मेलेल्याचा. पन पोरीनं मारली असं मी कवा बोलली? हार कोनी आनला? तुमच्या भाऊनं. फोटू काढायला कोन आला? भाऊचा मानूस. पोर नुसती उंच हाय, येवढाच तिचा गुना."

तसं तिनं शाळेत येऊन रूपीलाही सांगितलं. "हार तुझा नाय, भाऊचा."

"हात माझे होते," रूपी म्हणाली.

आजी उठून गेली. जाताना नूतनबाईंना एवढंच म्हणाली, "हिला त्या बाईशी बोलू द्या. आई हाय ना तिची? तिला सांगू द्या. मारंल तर मारंल."

"टीव्हीतून कशी मारेल, आजी?"

"शिव्या देईल. देऊ दे. पोर हलकी होईल."

पलीकडच्या शाळेनं आकुआसाठी सभा ठेवली तेव्हा इकडचा वर्गही बोलावला. त्या दिवशी रूपी आपण होऊन खोलीत आली आणि सगळ्यांच्या पुढे, पडद्याच्या अगदी खाली बसली. वेण्या घट्ट बांधून आली होती. शिव्या खायच्या तर नीटनेटकं होऊन खाव्यात, असं तिनं ठरवलेलं दिसलं.

फोनवर गुजरातनं स्वागत केलं. घाना लागलं.

तिकडची माणसं लाल-काळ्या कपड्यांत होती. त्यांच्या मागं भिंतभर कापडी फलक होता, त्यावर आकुआचा फोटो, दरवाजाएवढा. त्यांच्याकडे कुणी गेलं की असा मोठा फोटो छापून लावतात, हे ओफोरी सरांनी पूर्वीच शिकवलं होतं. तो फोटो इकडच्या सगळ्यांनी लगेच ओळखला. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू, आणि चेहऱ्याभोवती झेंडूचा हार. कडेला कुंकवाचा ठिपका सुद्धा आला होता. भाऊंनी उद्घाटनाची बातमी पाठवताना तो फोटो जोडला होता. भाऊ सगळं सगळ्यांना पाठवतात.



आकुआची आई खुर्चीवर होती, आबेना नावाची. मंगळवारची. ओफोरी सरांनी तिला हळूच काही सांगितलं, तशी ती कॅमेऱ्याकडे वळली. रूपी उभी राहिली. इंग्रजी तिला येत होतं, पण ते खेळातलं इंग्रजी. यासाठी तिच्याकडे इंग्रजी नव्हतं. ती मराठीत बोलली, एका दमात.

"मावशी, हार मी घातला. जित्या मानसाच्या फोटूला घालू नये ते मला ठावं होतं. आजीनं काढ सांगितला, मी नाय काढला, म्हनून ती गेली. तुम्ही मला काय ते बोला."

सगळ्यांनी नूतनबाईंकडे पाहिलं. बाईंनी पडद्यावरच्या त्या बाईकडे पाहिलं. तिच्या मांडीवर रिकामे पडलेले हात पाहिले. आणि आजवर डाळीचं केलं, दारूचं केलं, तेच केलं.

"शी सेज, आय पुट द फ्लॉवर्स ऑन हर. विथ माय ओन हँड्स."

आबेनाबाईंनी दोन्ही हात छातीशी नेले. सावकाश, साध्या इंग्रजीत त्या बोलल्या. आमच्याकडचा हा सगळ्यात सुंदर फोटो. तिला फुलं कुणी घातली नव्हती कधी. ती रोज बघायची. दवाखान्यात नेला होता तिनं. उशाशी, भिंतीवर लावला होता. शेवटपर्यंत तिथंच होता. देव तुझं भलं करो, मुली.

रूपी ऐकत होती. एव्हरी डे. हॉस्पिटल. वॉल. टिल द एंड. हे शब्द सोपे होते, आणि सोपे शब्द तिला आकुआनंच शिकवले होते.

नूतनबाई रूपीजवळ वाकल्या. "त्या म्हणतात, तुझी काही चूक नाही. तिला जन्मापासून आजार होता. तुला कुणीही दोष देत नाही."

रूपीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"बाई," ती हळू म्हणाली, "ती तसं नाय बोलली."

मग ती खाली बसली. सभा चालू राहिली. तिकडे गाणं झालं, इकडे शांतता पाळली. ओफोरी सरांनी जमिनीवर पाणी ओतून आकुआचं नाव घेतलं. इकडे बुधीआजीनं खिडकीबाहेरून आत येऊन कमरेची छोटी बाटली काढली आणि शाळेच्या फरशीवर थोडं लोकल बेव्हरेज ओतलं. कुणी तिला अडवलं नाही. भाऊंनी सुद्धा नाही. त्यांनी मान खाली घातली होती.

नूतनबाईंनी पुढं रूपीला गाठायचा प्रयत्न केला नाही असं नाही. "हो बाई," "नाय बाई," एवढंच ती बोलायची. खोटं बोलणाऱ्या माणसाशी माणसं बोलतात, तितक्या नम्रपणे.

पावसाळा सरला तसे संस्थेचे देणगीदार मुंबईहून यायचे ठरले. जुन्या टीव्हीच्या जागी मोठा टीव्ही आला. भाऊंनी पाहुण्यांसाठी पुलाव सांगितला, टीव्हीसाठी हार सांगितला.

"भाऊ, या वेळी हार नको," नूतनबाई म्हणाल्या.

"नूतनताई, ते झालं ते झालं. पण नवीन वस्तू आहे ने. तिची पूजा नको? पाहुणे काय म्हणतील?"

"मग दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"टीव्ही आणखी वर टांगलाय. दुसरं पोचणार कोण?"

घाना लागलं तेव्हा पडद्यावर वर्ग होता आणि पुढच्या बाकावर नवीन मुलगी. आकुआची जागा मोकळी ठेवू नये, म्हणून रूपीची जोडी तिच्याशी लावली होती. तिच्या शेजारी आबेनाबाई. आताशा त्या शाळेत मुलांचं जेवण करायला येत आणि हा तास चुकवत नसत.

भाऊंनी हार रूपीच्या हातात दिला. ती टीव्हीपाशी गेली. नवीन मुलगी हसत हात हलवत होती. रूपीनं तिच्याकडे पाहिलं, आबेनाबाईंकडे पाहिलं, हार वर उचलला आणि आपल्याच गळ्यात घातला.

पाहुणे मोकळेपणी हसले. एकानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. "वा, स्वतःचाच सत्कार!" भाऊ म्हणाले. "हुशार आहे आमची मुलगी." फोटोवाल्यानं फोटो काढला. पलीकडेही मुलं टाळ्या वाजवत होती.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त नूतनबाईंनी. त्या पुढं झाल्या, हाराला हात घातला.

"काढ, रूपी."

"राहू दे, बाई."

"अगं..."

"तिला नको. मलाच राहू दे. मला काय झालं तर झालं."

हे इतक्या साध्या आवाजात बोलली की पाहुण्यांना वाटलं, पाणी मागतेय. एकानं बाटली पुढं केली.

नूतनबाईंनी माईक उचलला. भाऊंना वाटलं, आभारप्रदर्शन.

त्या इंग्रजीत बोलल्या, पडद्याकडे बघून. आबेनाबाई, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. ही फुलांबद्दल बोलत नव्हती. आमच्याकडे फोटोला हार घालतात तो माणूस गेल्यावर. हिला वाटतं, हार घालून हिनंच तुमच्या मुलीला मारलं. हिला तुम्हाला ते सांगायचं होतं. तुमचं उत्तरही मी हिला खोटं सांगितलं. आज हिनं तो हार स्वतःच्या गळ्यात घातलाय. तुम्ही हिला काय ते सांगा. या वेळी मी काही बदलणार नाही.

पडद्यावर आबेनाबाईंचा चेहरा होता. ओठ किंचित उघडे, एक हात अर्धा वर आलेला. हलत नव्हता.

"लाईन गेली वाटतं," दीपेश म्हणाला आणि वायरी चाचपायला लागला. "का... नाय, थांबा. कळत नाय." फोन बघितला. गुजरातनं पुन्हा स्वागत केलेलं नव्हतं, हाकललंही नव्हतं. बाईंचं बोलणं तिकडे पोचलं आणि ती बाई थिजली, की आधीच थिजली होती, हे दीपेशलाही सांगता येईना.

"बरं, बरं," भाऊ पाहुण्यांना म्हणाले, "पुलाव गार होतोय. चला ने. लाईन येईल तेव्हा येईल." माणसं उठली. खुर्च्या सरकल्या. मुलं ताटं घ्यायला पळाली. दीपेश चिंचेकडे गेला.

खोलीत नूतनबाई आणि रूपी राहिल्या. बाईंनी टीव्हीचा रिमोट उचलला.

"बंद नका करू," रूपी म्हणाली.

बाईंनी रिमोट खाली ठेवला.

"बाई, आता बरोबर सांगितलं तुम्ही. सगळं." ती पडद्याखाली मांडी घालून बसली. हार मोठा होता, टोक मांडीत जमा झालं होतं. "आता ती काय बोलते ते ऐकायचं."

नूतनबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. बाहेर ताटं वाजत होती. वर, भिंतीवर, अर्धा उचललेला हात तसाच थांबला होता, आणि तो आशीर्वादाला निघाला होता की मारायला, ते बघत दोघी बसून राहिल्या.